प्रयागबाईंनी उखडलेली फरशी

पूर्व नागपुरातल्या त्या कोष्टी मोहल्ल्यात प्रयागबाईंच्या अंगणाचं मोठं नाव होतं. उमरेडहून लग्न होऊन आल्यापासून त्या मागावर बसत. लुगडी विणून विणून त्यांनी अंगणात शहाबादी फरशी बसवून घेतली आणि छपराच्या पन्हाळीचं पाणी नळीनं थेट गटाराच्या चेंबरात सोडलं. भर पावसातही त्यांच्या दारात चिखल दिसत नसे. त्यांचं पाहून सगळ्या वरच्या गल्लीनं फरश्या टाकल्या.

१९७८ सालच्या श्रावणात एका दुपारी धो-धो पाऊस कोसळला आणि उतारावरच्या खालच्या गल्लीत चेंबरचं झाकण उसळलं. आरडाओरडा ऐकून प्रयागबाई धावत गेल्या. जयवंताच्या घरात गटाराचं पाणी शिरलं होतं. ही जयवंता नवऱ्यामागे मागावरच घर चालवत होती. तिचा माग खड्ड्याचा होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. तो खड्डा काळ्या पाण्यानं काठोकाठ भरला होता आणि वर ताणलेल्या उभ्या धाग्यांचा ताणा घाणीनं माखला होता. जयवंता रडत नव्हती. खाली बसून एकेक धागा कापत होती. निम्मं विणून झालेलं लुगडं असं कापायला काय लागतं, ते प्रयागबाईंना कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेचे ओव्हरसियर चंपतराव माणसं घेऊन चेंबर उपसायला आले. प्रयागबाईंनी त्यांना गाठलं.

"साहेब, हे दरवर्षीचंच झालं. गटार मोठं काहून नाई करत?"

"मोठं केलं तरी भरेलच, बाई," चंपतराव म्हणाले. "हे गटार न्हाणीच्या अन् संडासाच्या पाण्यासाठी आहे. वरून सगळा पाऊसही त्यातच ओतला, तर ते खाली कुठंतरी बाहेर येणारच."

"वरून म्हणजे?"

चंपतरावांनी वरच्या गल्लीकडे नुसता हात केला.

प्रयागबाई घरी आल्या आणि पहार घेऊन अंगणात बसल्या. त्यांचे नवरे देवराव रेल्वेतली ड्यूटी संपवून परतले, तोवर चार फरश्या उखडून भिंतीला टेकवलेल्या होत्या.

"काहून वं? डोकं फिरलं का तुयं?"

"माया अंगणातलं पाणी जयवंताच्या मागात जाऊन राहिलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मले आता या फरशीवर पाय ठेववत नाई."

 देवरावांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि कुदळ घेतली. पन्हाळीची नळी गटारातून काढून त्यांनी अंगणात खणलेल्या खोलगट जागेत वळवली. भोवती केळी अन् कर्दळ लावली.

पण काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. पुढच्या पावसात तिथं डबकं साचलं, डास झाले. शेजारची सुभद्रा भिंतीवरून म्हणाली, "चांगली फरशी काढली अन् डबकं पोसलं. याले काय म्हणावं?" प्रयागबाईंच्या मनाला ते लागलं, पण त्यांनी खड्डा बुजवला नाही. त्या पुन्हा चंपतरावांकडे गेल्या. ते सुट्टीच्या दिवशी सायकलवर आले, खड्ड्यात उतरले आणि दोघांनी मिळून विचार केला. काळी माती ओलांडून खाली पाणी झिरपू देणारा मुरूम लागेपर्यंत खणायचं, आत गिट्टी अन् वर रेती भरायची, काठानं वाळ्याचं गवत लावायचं. त्याची मुळं खोल जातात.

तसं केल्यावर पुढचा पाऊस अंगणात आला आणि जिरला. दुसऱ्या सकाळी सुभद्रा स्वतः बघायला आली. तिनं ओल्या रेतीवर पाय दाबून पाहिला. आठवड्यानं तिच्या अंगणातूनही पहारीचा आवाज येऊ लागला.

उन्हाळाभर वरची गल्ली खणत होती. कोपऱ्यावर एक मोकळी जागा होती, सगळे तिथं कचरा टाकत. ती साफ करून सगळ्यांनी तिथं मोठा खोलगट बगीचा केला, रस्त्यावरचं पाणी तिकडे वळवलं. खणायला खालच्या गल्लीतली माणसंही आली. त्यात जयवंता पुढे होती.

पुढच्या पावसाळ्यात दोन दिवस झड लागली. प्रयागबाई डोक्यावर पोतं घेऊन जयवंताच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. चेंबरचं झाकण जागच्या जागी होतं. आतून जयवंताच्या मागाचा खटखट आवाज येत होता.

"आत ये ना वं बाई, भिजून राहिली," जयवंतानं हाक दिली.

"राहू दे. तू विण. मले इथूनच आयकू येते."

पुढं एकदा अतिवृष्टीत गटार पुन्हा थोडं वर आलं, नाही असं नाही. पण पाणी उंबऱ्याशी थांबलं, घरात शिरलं नाही. हळूहळू दुसऱ्या मोहल्ल्यातली माणसं बगीचा पाहायला येऊ लागली. देवराव तेव्हा निवृत्त झाले होते. पाहुण्यांना ते आधी कोपऱ्यावर न्यायचे, कर्दळीची लाल फुलं दाखवायचे आणि म्हणायचे, "हे आमच्या घरचीनं सुरू केलं." प्रयागबाई मागावरून उठायच्या, लुगड्याचा पदर खोचायच्या आणि पाहुण्यांना विचारायच्या, "तुमच्याकडे मुरूम किती खाली लागते?"