सोंगाड्याचं स्त्रीलिंग

फडातली जुनी माणसं एकत्र आली की एकेक किस्सा निघतो. एक संपत नाही तोवर दुसरा तयार! ऐकणारे हसून हसून डोळे पुसतात. मीही हसते. पण खरं सांगू? यातल्या निम्म्या किश्श्यांनी त्या वेळी माझं रक्त आटवलंय.

मी गिरजा. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या जत्रा करणाऱ्या एका तमाशाच्या फडात नाचायचे. फडाचे मालक अण्णा. किसनमामा आमचे सोंगाड्या. आयत्या वेळी सुचेल ते बोलून पब्लिकला हसवायचं, हे त्यांचं काम. आणि मला नेमकं तेच हवं होतं. नाच नको, बोलणं!

*

तेरचा किस्सा. गवळणीत किसनमामा लुगडं नेसून मावशी व्हायचे आणि आम्ही पोरी मडकी घेऊन मथुरेच्या बाजारला निघायचो. आमचं काम नुसतं लाजायचं.

मावशीनं विचारलं, "काय गं गिरजे, मडक्यात काय हाय?"

ठरलेलं उत्तर होतं, "दूध." माझ्या तोंडून निघून गेलं, "दूध हाय मावशी, पर निम्मं तेरणेचं!"

तेरणा गावाला लागूनच वाहते. पब्लिकनं पुढं बसलेल्या दूधवाल्याकडं बोटं केली आणि जो हशा उठला, तो थांबेना!

खेळ संपल्यावर अण्णांनी मला बोलावलं. "हसवायचं काम किसनचं. बाईनं पब्लिकला झुरवायचं असतंय, हसवायचं न्हाय. कळलं?"

पुढच्या गावात तेच वाक्य किसनमामांनी म्हटलं. नदीचं नाव तेवढं बदललं. मग हे नेहमीचंच झालं. माझं जे वाक्य चालेल, ते दुसऱ्या मुक्कामाला त्यांचं व्हायचं. मी आतल्या आत जळायचे.

*

नळदुर्गला म्हटलं, आज दाखवतेच! एक विनोद चांगला घोकून ठेवला होता. पण माझी एंट्री झाली आणि गर्दीतून कुणीतरी भलतंच काही ओरडलं. मी तिकडं लक्षच दिलं नाही. आपला पाठ म्हणून मोकळी झाले.

कुणी हसलं नाही. तेवढ्यात कनातीबाहेर एक कुत्रं भुंकलं.

किसनमामा लगेच म्हणाले, "चला, एकाला तरी कळलं!"

पब्लिक गडाबडा लोळलं. मी राहुटीत जाऊन रडले. थोड्या वेळानं किसनमामा चहा घेऊन आले. "घोकून येत जाऊ नगंस. समोरचा काय म्हनला ते आदी ऐक. ऐकलंच न्हाईस तर जबाब कुठनं काढशील?"

माझी वाक्यं पळवणारा हा माणूस, आणि शिकवलं त्यानंच. त्यानंतर मी ऐकायला लागले. तुळजापूरच्या दुकानांतली घासाघीस, मोटार स्टँडवरची भांडणं, पुजाऱ्यांची बोलाचाली. जिथं जाईन तिथं कान उघडे ठेवायचे.

*

लोहाऱ्यात त्याचा उपयोग झाला. पुढं बसलेला एक मिशाळ बाप्या ओरडला, "ए गिरजे, लगीन करतीस का माझ्यासंगं?"

मी नाच थांबवला. "करते की! पर आदी घरी इचारून या. तितनं जित्तं परत आलात तर बघू!"

टोप्या उडाल्या! त्याचे सोबतीच त्याला गुद्दे मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाजारात तोच मला पाहून थुंकला. "तोंडाळ बाई," म्हणाला. आसपासच्या माणसांनी माना डोलावल्या. रात्री हसलेली हीच माणसं! किसनमामा असं बोलले असते तर त्यांना हाटेलात नेऊन भजी चारली असती. त्यांना सगळे हजरजबाबी म्हणायचे. मी तोंडाळ.

*

मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि नवीन फर्मान आलं. खेळात काय बोलणार ते आधी लिहून द्यायचं, कचेरीत मंजूर करून घ्यायचं! अण्णा, किसनमामा आणि मी, असे तिघं गेलो.

कारकून म्हणाला, "किसनराव काय काय बोलणार, ते सांगा."

"साहेब, पब्लिक काय वरडंल ते आदी त्यांच्याकडनं लिहून आना," किसनमामा म्हणाले, "मग त्याखाली माझा जबाब लिहितो!"

अख्खी कचेरी हसली. मग नावं लिहिताना कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. "या बाई काय करतात?"

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले, "सोंगाड्याचं काम."

त्याची लेखणी थांबली. "सोंगाड्याचं स्त्रीलिंग काय हो?"

त्यानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी किसनमामांकडं. किसनमामांनी माझ्याकडं. शेवटी कारकुनानं 'नर्तकी' लिहून टाकलं आणि आम्ही बाहेर पडलो.

*

आता सास्तूरचं ऐका.

ऐन जत्रेत किसनमामांना हिवताप चढला. घोंगडीखाली दात वाजत होते. मावशीचं सोंग कोण करणार? अण्णांचं सगळ्यांकडं पाहून झालं, मग माझ्याकडं पाहिलं.

"तू कर. पर पब्लिकला कळता कामा नये. दवंडी किसनच्या नावानं दिलीय."

म्हणजे बघा! मी बाई. सोंग बाईचं. आणि दिसायचं मात्र पुरुषानं घेतल्यासारखं! अण्णांनी काजळीनं माझ्या ओठावर तासलेल्या मिशीची छटा काढली. मी आवाज घोगरा केला.

निघताना घोंगडीतून किसनमामा म्हणाले, "गिरजे, माझ्यापरीस जरा कमी हसव गं. मला बी पोट हाय."

मला कमी हसवणं जमलं नाही. एवढी वर्षं थांबले होते मी! गर्दीतून एक पोरगेला गडी ओरडला, "मावशे, म्हातारी झालीस की!"

"व्हय बाबा," मी म्हटलं, "तुज्या बाची वाट बघून बघून!"

मग थांबलंच नाही. ते ओरडत होते, मी जागच्या जागी परतवत होते. ढोलकीवाला हसून वाजवायचं विसरला. "वा रं किसन!" "किसनराव, लई भारी!" जन्मात एवढा हशा मी घेतला नव्हता, आणि सगळा किसनच्या नावावर. मी पदरानं डोळे पुसले. त्यावरही लोक हसले.

खेळ संपला तसे गावचे पाटील स्टेजवर आले. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला फेटा बांधला, पाठीवर थाप मारली.

"किसनराव, तुमच्यावानी सोंगाड्या ह्या मुलखात न्हाय. समदं झ्याक! पर एक सांगू का, राग धरू नगा. बाईची चाल काय तुमाला जमंना."

मी फेटा सावरला.

"शिकतोय, मालक."