तिसरा ठोका

आमच्या वसईतल्या चर्चची दुपारची घंटा बास्त्याव वाजवतो. दोर ओढताना त्याचा उजवा खांदा धरतो, म्हणून तिसरा ठोका नेहमी किंचित उशिरा पडतो. गेला आठवडाभर मात्र सगळे ठोके एकसारखे पडत होते आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चर्चवाल्यांनी गुपचूप घंटेला यंत्र तर बसवलं नाही ना?

रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाली की आसपासच्या गावांतले घंटा वाजवणारे मनोऱ्याखाली गप्पा मारत बसतात. कुठल्या गावात कोण अत्यवस्थ आहे ते त्यांना आधी कळतं, कारण मरणाची घंटाही त्यांनाच वाजवायची असते. मी सरळ विचारलं, "बास्त्याव, घंटा तूच वाजवतोस ना रे?"

"मग कोण वाजवणार बाबा?" तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

घरी येताना वाटलं, मला एवढी उठाठेव कशाला? पण माझी शेवटची घंटा कुणी बटण दाबून वाजवू नये. माझ्यासाठी कुणाचा तरी खांदा दुखायला हवा.

सोमवारी तिसरा ठोका उशिरा पडला. जरा जास्तच उशिरा. मी हातातला घास तसाच धरून बसलो. बास्त्यावचा खांदा खरंच दुखत होता, की त्याने मुद्दाम उशीर करून माझी समजूत काढली?