अमेरिकेचा तास आणि रविवारचं पाणी

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. घरातलं माणूस लांब गेलं की ते आपोआप साठत जातात. आमचा मुलगा प्रशांत कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला निघाला, तेव्हा आळेफाट्याला त्याची गाडी दिसेनाशी झाली आणि मी मनाशी बोलले, "गणराया, दर रविवारी याचा आवाज ऐकल्याशिवाय पाणी घेणार नाही." घरात कुणाला सांगितलं नाही. रविवारी सकाळी साडेसातला त्याचा फोन यायचा.

*

पहिल्याच एप्रिलात फोन साडेसहाला आला. प्रशांत म्हणाला, उन्हाळ्यात इथलं सरकार घड्याळं एक तास पुढं करतं, थंडीत तो तास परत देतं. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "मंग त्यो तास साठवून ठिव की रं. इकडं येताना घिऊन ये."

प्रशांत हसला. सासूबाई नाही हसल्या.

*

शेजारच्या शबानाभाभींचे यजमान मुनीरभाई जुन्नरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी आमच्या भिंतीवर अमेरिकेच्या वेळेचं दुसरं घड्याळ लावून दिलं. एप्रिलात काटा पुढं, ऑक्टोबरात मागं, ते स्वतः येऊन फिरवत. पाहुणे विचारायचे, यातलं खरं कुठलं? आमचे हे म्हणायचे, "हिला विचारा. ही सैपाक करते या घड्याळावर, जगते त्या घड्याळावर."

*

मग दोन हजार सातला अमेरिकेनं नियमच बदलला. एप्रिलऐवजी मार्चात, तीन आठवडे आधी घड्याळ पुढं! नेमका त्या पाडव्याला प्रशांत येणार होता, गेल्यापासून पहिल्यांदा. रजा रद्द झाली. म्हणाला, कॉम्प्युटरांत जुनीच तारीख बसवलीये. बदलली नाही तर ते तासभर मागं राहणार, मालाचे ट्रक चुकणार, सौदे उशिरा नोंदले जाणार. गिऱ्हाईक कंपनीनं करार मोडला तर याच्यासकट सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. एप्रिलातली जुनी तारीख उलटेपर्यंत जागचं हलायचं नाही.

मी म्हटलं, "एवढी शहाणी मशिनं, आन् एका तासापायी माझं पोर अडकवतात?"

"आई, त्यांना कुणीतरी सांगावं लागतं गं."

*

पाडव्याआधीच्या रविवारी मी गणपतीला जाऊन सातला परतले. साडेसात झाले, आठ, नऊ. फोन नाही. नोकरी गेली असेल का, आजारी असेल का, नाही नाही ते मनात येत होतं. अकराच्या सुमाराला शबानाभाभी कोथिंबीर मागायला आल्या. माझे सुकलेले ओठ बघून त्यांनी तांब्या पुढं केला. मी नको म्हटलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा कारण सांगितलं.

त्यांनी मुनीरभाईंना हाक मारली. ते भिंतीकडे बघत राहिले. "ताई, तिकडं नियम बदलला ना? मग या घड्याळाला कुणी सांगितलं?"

मी देवळात असताना फोन साडेसहालाच वाजून गेला होता. हे मळ्यात होते, सासूबाईंचे कान तोवर पार गेले होते.

तेवढ्यात फोनची घंटी वाजली. प्रशांत कामावरून सुटून पुन्हा लावत होता. मी बोलायच्या आत भाभींनी रिसिव्हर घेतला. "अरे, तुझी आई सकाळपासून बिनपाण्याची बसलीये. दर रविवारी बसते म्हणे, तू गेल्यापासून."

भाभींनी रिसिव्हर माझ्या हातात दिला. मग तो म्हणाला, "आई, फोन तोंडाजवळ धर आणि पाणी पी. मला ऐकू दे."

मी पूर्ण पेला प्याले.

"अजून एक पी," तो म्हणाला.

तुमचंही कुणी लांब असेल, तर पुढच्या फोनला एवढं करा. त्याला ऐकू जाईल असं पाणी प्या.