कुलूपबंद पेटीची पावती

माझ्या नोकरीतली एक पेटी मला अजून स्वस्थ बसू देत नाही. सागवानी, हातभर लांब, पितळी कुलपाची. कुलपावर लाखेची मोहोर होती ती माझ्या ठाण्याची, आणि शस्त्र जमा नोंदवहीत त्या पेटीसमोर सही होती ती माझी. त्या सहीपायी एक निरपराध माणूस नऊ दिवस कोठडीत बसला.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेजवळचं ते ठाणं. त्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं लिहीत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. आचारसंहिता लागली की हद्दीतल्या परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा करून घ्यावी लागतात. पद्धत सोपी आहे. शस्त्र उघडून बघायचं, त्यावरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडायचा, काडतुसं मोजायची, चिठ्ठी बांधायची, पावती द्यायची. काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते नियमानं करायचं असतं.

आचारसंहितेच्या तिसऱ्या आठवड्यात एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. दुपारचे चार वाजले होते, डीजे चालू होता. दोनशे पावलांवरच्या बौद्ध वस्तीत एक अंगणवाडी सेविका स्लॅबवर वाळत घातलेली मिरची गोळा करत होती. तिच्या उजव्या हातात गोळी शिरली आणि मनगटाची हाडं फोडून बाहेर गेली. दवाखान्यात जबाब घेताना ती शुद्धीवर होती आणि संतापलेली होती.

"समदी म्हणत्यात फटाका हुता," ती म्हणाली. "फटाका हाडातनं आरपार जातो का, साहेब? लिवा तुम्ही. गोळी म्हणून लिवा."

मी तसं लिहिलं. स्लॅबवरून चेपलेली गोळी जप्त केली. बत्तीस बोअरची, परवान्यावर मिळणाऱ्या पिस्तुलाची. हळदीतले शंभरेक लोक तपासले. कुणी काही पाहिलं नव्हतं. लग्नघराचा कर्ता माणूस म्हणजे नवऱ्या मुलाचा चुलता, मोठा बागायतदार. पंचक्रोशी त्याला आप्पा म्हणते. त्याच्याकडे बत्तीस बोअरच्या पिस्तुलाचा परवाना होता. मी विचारायच्या आतच तो बोलला.

"माझं हत्यार आचारसंहिता लागली त्या शनिवारपासून तुमच्याच कपाटात हाय. पावती दाखवू? सही तुमचीच हाय साहेब, वळखाल."

नोंदवही पाहिली. नोंद बरोबर होती. मी विषय संपवला.

दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, पाटस रस्त्याला जो लेथवाला मिस्त्री आहे तो कार्बाइन बनवतोय, आत्ता गेलात तर मिळेल. अशा निनावी खबरेत एक गोष्ट आधी बघायची असते: सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा. मी ती बघितली नाही. दोन पंच घेतले आणि गेलो.

मिस्त्री पन्नाशीचा, चार पिढ्या इथलाच मुसलमान. उसाच्या ट्रॉलीच्या पिना, मोटारीचे शाफ्ट, कडबाकुट्टीची पाती, असं त्याचं काम. लेथच्या मागच्या फळीवर गोणपाटात गुंडाळलेली वस्तू मिळाली. काळा प्लास्टिकचा सांगाडा, मागे खांद्याला टेकवायचा दस्ता, पुढे नळीसारखं आवरण, वर नेम धरायची दुर्बीण. त्यात पिस्तूल बसवलं की ते छोट्या कार्बाइनसारखं दिसतं आणि दोन्ही हातांनी, खांद्याला लावून चालवता येतं. आत पिस्तूल नव्हतं.

कार्बाइन आम्ही पोलिसांनी वापरलेली आहे. ती कशासाठी असते ते मला ठाऊक आहे: कमी अंतरावर समोरचा माणूस उभा राहू नये यासाठी. परवाना मिळतो तो जीव वाचवायला एका पिस्तुलाचा. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात नवीनच हौस निघाली. आधी पिस्तुलाला नवी मूठ, मग बॅटरी, मग लाल ठिपक्याची दुर्बीण, मग दस्ता. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि कुरियरनं माल मागवायचा. जीपला जादा दिवे बसवावेत तसं हे लोक हत्याराला एकेक वस्तू जोडत जातात, आणि परवान्यात नसलेला बदल हा गुन्हा आहे असं सांगितलं तर हसतात.

मिस्त्रीला अटक केली. पहिल्या तासात त्यानं सगळं सांगितलं होतं. ते इथं मुद्दाम लिहितो.

"साहेब, ही वस्तू आप्पांची. त्यांचं पिस्तूल हिच्यात हालत हुतं. म्हणले, मिस्त्री, घट्ट बसवून द्या. मी एक पट्टी करून दिली. हळदीनंतर दस्त्याची पिन तुटली म्हणून त्यांचा ड्रायव्हर परत टाकून गेला."

"आप्पांचं पिस्तूल ठाण्यात जमा आहे."

"आसंल. पण मी ते हातात धरलंय. आचारसंहिता लागल्यावर धरलंय."

"खोटं बोलतोस."

"दारावर लिवलंय, साहेब. माझ्या दारावर बघा की. नायतर ती पेटी उघडून बघा."

दारावर काय लिहिलंय, हे मी विचारलं नाही. मी विचारत राहिलो की तू बनवलेलं पिस्तूल कुठं आहे. हात लावला नाही, पण तासन् तास उभं केलं. त्याची बायको डबा घेऊन आली तेव्हा तिला दाराबाहेर थांबवलं. न्यायालयात पोलीस कोठडी मागताना 'आरोपी तपासात सहकार्य करत नाही' हे वाक्य लिहिलं. हे वाक्य आम्ही सवयीनं लिहितो. सहकार्य न करणारा माणूस मीच होतो.

पेटी उघडायला पाच मिनिटं लागली असती. ती का उघडली नाही, याचं कारण मी पुढे अनेक दिवस स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. खरं कारण असं, की पेटी उघडणं म्हणजे माझ्या सहीवर मी संशय घेणं. एका आरोपीच्या सांगण्यावरून ते करायला मी तयार नव्हतो.

आठव्या दिवशी कोठडी वाढवून मागण्याचा अहवाल लिहीत होतो. पंचनाम्याचे फोटो जोडायचे होते. एका फोटोत दुकानाचं पत्र्याचं दार होतं, त्यावर खडूच्या ओळी. या भागात लेथवाल्यांची एक रीत आहे. काम आलं की दारावर वार लिहायचा, मालकाचं नाव लिहायचं आणि वस्तूवर कोरलेला नंबर असेल तर तोही उतरवायचा, म्हणजे एकाची वस्तू दुसऱ्याच्या हातात जात नाही. पंपाच्या शाफ्टवर नंबर असतो, गिअरवर असतो. मिस्त्रीनं त्याच सवयीनं लिहिलं होतं: 'मंगळ. आप्पा.' आणि पुढे तीन आकडे.

मी जमा नोंदवही मागवली. आप्पाच्या पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे तेच होते.

मंगळवार कोणता, हा प्रश्न उरला. त्या ओळीच्या वर ग्रामपंचायतीच्या पंपाच्या शाफ्टचं काम लिहिलेलं होतं. सरपंचाला फोन केला. पंप कधी बिघडला? तो म्हणाला, "आचारसंहितेत की साहेब. टँकर मागवला तर त्याचा बी प्रचार म्हणाले लोक." म्हणजे खालची ओळ त्याच्या नंतरची. पिस्तूल तर आचारसंहिता लागली त्याच शनिवारी जमा झालेलं. ते माझ्या कपाटात असताना मिस्त्रीच्या हातात गेलं कसं?

मुद्देमाल कारकुनाला बोलावलं. जुना हवालदार, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"पेटी घेताना आत पाहिलं होतं का?"

"तसं न्हाई, सर."

"कसं?"

"आप्पांनी बंगल्यावर बोलावलं हुतं. म्हणले, महागाचं हत्यार हाय, गर्दीत आणायला नको. पेटी तयारच हुती. कुलूप लावल्यालं. चावी म्हणले माझ्याकडंच राहू द्या. परवान्यावरनं नंबर उतरवला, लाख लावली."

"म्हणजे हत्यार न बघता पावती दिली."

तो म्हणाला, "सर, मोठ्या लोकांची पेटी आपण कवा उघडलीय?"

हे खरं होतं. त्या शनिवारी संध्याकाळी मी वही पुढे ओढून एका दमात अठ्ठावीस सह्या केल्या होत्या.

नवव्या दिवशी सकाळी पंच बोलावले, आप्पाला बोलावलं, मिस्त्रीला कोठडीतून बाहेर आणलं. आप्पानं चावी हरवल्याचं सांगितलं. मी कुलूप तोडायला सांगितलं.

"साहेब, इचार करा," आप्पा शांतपणे म्हणाला. "ह्यात तुमची बी सही हाय."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तोडा रे."

आत पिस्तुलाच्या आकाराचा कापलेला स्पंज होता. त्या आकारात फडक्यात गुंडाळलेली, उसाच्या ट्रॉलीची लोखंडी पिन होती. वजनाला पिस्तुलाएवढीच. मिस्त्री पुढे वाकला, पिनेला हात न लावता त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"माझ्याच लेथवरची हाय," तो म्हणाला. "गळ्याला आशी खाच ह्या भागात मीच देतो."

त्याच दिवशी बंगल्याची झडती घेतली. पिस्तूल ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत, ग्रीसच्या डब्यामागे मिळालं. प्रयोगशाळेचा अहवाल आला: स्लॅबवरची गोळी त्याच पिस्तुलाची. खबर देणारा फोन ड्रायव्हरच्या मोबाइलवरून आला होता. निकडीचं म्हणून पहिल्या दिवशीच तपासायला हवा होता, तो नंबर मी नवव्या दिवशी तपासला. मग ड्रायव्हर बोलला. फोन त्यानं आप्पाच्याच सांगण्यावरून केला होता. हळदीत आप्पानं नवा दस्ता लावून वस्तीकडच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला होता. चार जणांनी व्हिडिओ काढला आणि बाईला लागल्याचं कळताच पुसून टाकला.

आप्पाची पहिली प्रतिक्रिया मला शब्दशः आठवते. बाईच्या हाताबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, "दस्ता नीट बसला असता तर नेम चुकला नसता."

इतक्या वर्षांत मी आरोपीवर हात उचलला नाही. त्या दिवशी खोलीतून बाहेर जावं लागलं.

पुढचं थोडक्यात. दोषारोपपत्र गेलं. आप्पाला काही आठवड्यांत जामीन मिळाला, खटला चालू आहे. हवालदार निलंबित झाला. मी माझ्या सहीबद्दल स्वतःहून वरिष्ठांना लेखी अहवाल दिला, मला सक्त ताकीद मिळाली. एक कागद. बाईची बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत, खडू धरता येत नाही म्हणून ती मुलांना तोंडी शिकवते. मिस्त्रीचं नाव आरोपींतून कमी झालं, तो साक्षीदार झाला. सुटताना मी त्याला म्हणालो, पिस्तूल समोर आलं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "आप्पांना न्हाई म्हणायला पायजे हुतं. तुम्ही तरी कुठं म्हणालात?"



गावानं त्याचं नाव 'बंदूकवाला मिस्त्री' ठेवलं. न्यायालयाच्या कागदापेक्षा गावातलं नाव टिकाऊ असतं. कामं तुटली. त्यानं लेथ विकला आणि सणसवाडीत एका कारखान्यात मशीनवर लागला. निवृत्तीनंतर एकदा मी मुद्दाम त्याच्या खोलीवर गेलो. चहा दिला त्यानं. काम कसं आहे, विचारलं.

"बरं हाय. मालावर नंबर आता कंपनीच टाकती. मला काय लिवावं लागत न्हाई."

या प्रकरणानं मला शिकवलं ते तपासाचं तंत्र नव्हे. ठाण्यात सगळ्यात धोकादायक वस्तू कपाटातलं शस्त्र नसून न बघता दिलेली पावती असते. गरिबाची पिशवी आपण झटकून बघतो आणि बंगल्यातली पेटी नमस्कार करून उचलतो. या फरकावर कितीतरी गुन्हे उभे राहतात, आणि त्यांच्या कागदावर सही आपली असते.

माझ्याकडे स्वतःचं एक परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. मागच्या निवडणुकीत ते जमा करायला ठाण्यात गेलो. मागे दहा-बारा जण रांगेत होते. कारकुनानं मला ओळखलं, उभा राहिला, खुर्ची दिली आणि पिशवी तशीच बाजूला ठेवून पावतीपुस्तक उघडलं.

"उघडून बघा," मी म्हणालो.

"तुमचं काय बघायचं, साहेब?" तो हसला.

"उघडा. नंबर मोठ्यानं वाचा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हाताऱ्याला काम न्हाई." कारकुनानं नाइलाजानं पिशवी सोडली, रिव्हॉल्व्हर उजेडात धरलं आणि एकेक आकडा वाचू लागला. मी परवाना हातात धरून प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवत गेलो. शेवटचा आकडा वाचून होईपर्यंत मी खुर्चीवर बसलो नाही.