नव्या पेशंटमध्ये व्हायरस सापडेना

"रिपोर्ट चुकलाय मॅडम. लॅबला परत विचारा."

"विचारलं रे. बरोबर आहे म्हणतात," ठाण्याच्या काउन्सेलर मॅडम फोनवर म्हणाल्या.

मी जिल्ह्याच्या एचआयव्ही कार्यक्रमात डेटा बघतो. नवे पेशंट कुठे सापडले, औषध कोणी सोडलं, यावर लक्ष ठेवणं माझं काम. याला सर्व्हिलन्स म्हणतात. मुरबाडकडच्या आमच्या घरात मीच पहिला ग्रॅज्युएट. आकड्यांकडे नीट बघायला शाळेने शिकवलं, त्याचे उपकार आहेत.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातली भारती ठाण्याला बाळंतपणासाठी नाव नोंदवायला आली होती. आठवा महिना. गरोदर बाईची एचआयव्ही टेस्ट करतातच. ती पॉझिटिव्ह आली, म्हणून नवी केस धरली. त्याच दिवशी व्हायरल लोडसाठी रक्त गेलं. म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजायचं. नव्या पेशंटमध्ये ते बहुधा भरपूर असतात. हिच्यात मोजण्याइतकेही नव्हते. असं बरेच महिने नियमित गोळ्या घेतल्यावर होतं.

"मग गोळ्या कुठून घेते?"

"बोलतच नाही. औषधाच्या सेंटरला चल म्हटलं तर टाळते. आई दारातच उभी असते ना."

त्याच आठवड्यात कल्याणहून कळलं, सुजाता नावाची गरोदर पेशंट औषध न्यायला आली नाही. (दोन्ही नावं मी बदलली आहेत.) तिथून केलेला फोन सासूने उचलला. "घरी नाय ती," एवढंच. आपण कुठून बोलतोय हे सांगता येत नाही, म्हणून पुढे विचारताही येईना. गोळ्या सुटल्या तर बाळाला लागण होऊ शकते. मला त्याचीच धास्ती.

मी साहेबांकडे गेलो. "सर, एक बाई गायब आहे आणि एक जास्त आहे."

"अरे, नाव वेगळं, आडनाव वेगळं. कशावरून एकच?"

"वय तेच, महिना तोच."

"जिल्ह्यात आठव्या महिन्यातल्या बायका कमी आहेत काय?" साहेब हसले.

हसले ते बरोबरच होतं. पण माझ्या आईला आजोळी सगळे बायजा म्हणतात. आमच्या गावात बायजा कोण ते कुणाला माहीत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, तेच सासरी चाललं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी.

मी ठाण्याला फोन करून शंका सांगितली. मॅडम म्हणाल्या, "सुजाता म्हणून हाक मारून बघू?"

"नको! दुसरीच निघाली तर एकीचा आजार दुसरीला कळेल. सासरी काय म्हणतात, एवढंच विचारा."

मॅडमनी भारतीच्या आईला केसपेपर काढायला पिटाळलं आणि विचारलं.

पोरगी रडायलाच लागली. "सुजाता. मॅडम, नवऱ्याला माहितीये. घरच्यांना नाय. दोन ठिकाणी नाव लागलं तर सगळ्यांना कळेल वाटलं. डबीत थोड्याच गोळ्या उरल्यात."

तिच्या संमतीने कल्याणची फाइल ठाण्याला आली. गोळ्या त्याच दिवशी मिळाल्या. मुलगी झाली, तिला लगेच औषध सुरू केलं. दीड महिन्याची टेस्ट निगेटिव्ह आली. पुढच्या टेस्ट अजून बाकी आहेत.

महिन्याच्या रिपोर्टवर वरून विचारणा आली, नवी केस एकने कमी का? मी कळवलं, बाई एकच होती.

आता गरोदर बाईला आम्ही माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं पहिल्याच भेटीत विचारतो. सॉफ्टवेअर हे विचारत नाही. त्याचं लग्न झालेलं नाही.