फराजचा हंबीरराव

लक्ष्मीपुरीत कुतुबुद्दीन पिंजारींचं गादीचं दुकान होतं. माणूस कमी बोलणारा, पण हाताला असा की त्यांनी भरलेल्या गादीत वर्षानुवर्षं कापसाची गाठ होत नसे. भित्रा म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पिंजायच्या यंत्रात एकदा सदऱ्याची बाही अडकली, तेव्हा आजूबाजूचे ओरडायला लागले आणि यांनी दुसऱ्या हातानं बटण बंद करून बाही सोडवून घेतली होती. भीती त्यांच्या घरात शिरली ती २००३ च्या उन्हाळ्यात. एकुलत्या एका पोराला, फराजला, जिना चढताना धाप लागायला लागली.

फराज तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, डिप्लोमाला होता. लहानपणी कुरुंदवाडला मामाकडे असताना त्याला ताप येऊन गुडघे सुजले होते. गुडघे उतरले, पोरगं खेळायला लागलं आणि सगळे ते विसरून गेले. आता डॉक्टर म्हणाले, त्या तापानं हृदयाची एक झडप आकसली आहे. छाती उघडून ती बदलावी लागेल. अगदी आज-उद्या नको, पण फार थांबूही नका. यातलं कुतुबुद्दीनच्या कानात राहिलं ते एवढंच, की आज-उद्या नको.

मग निमित्तं निघत गेली. उन्हाळा जाऊ दे, पावसाळा संपू दे, रमजान होऊ दे. जयसिंगपूरला कुणी गोळ्या देतं असं कळलं की ते तिकडे जाऊन यायचे. बायको मेहमुदा ऑपरेशनच्या बाजूनं होती. तिनं विषय काढला की ते चपला घालून बाहेर पडायचे. छाती उघडायची म्हणजे काय, हे त्यांना दुकानात बसल्या बसल्या दिसायचं. जुनी गादी उसवताना कात्री कापडात शिरली की त्यांचा हात थांबायचा. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि हे कात्री तशीच धरून बसायचे. पुढं पुढं उसवायचं काम त्यांनी गड्यावर सोपवलं.

फराजचं कॉलेज सुटलं. वर्गातला त्याचा मित्र प्रसेनजीत दर रविवारी जयसिंगपूरहून एसटीनं यायचा. दोस्ताला घरात बसून कंटाळा येतो म्हणून त्यानं जुने सुटे भाग जुळवून एक कॉम्प्युटर करून आणला आणि त्यात एक लढाईचा खेळ घालून दिला. दुपारी दुकान गड्यावर टाकून कुतुबुद्दीन सदर बाजारातल्या घरी यायला लागले. जेवायला आलोय म्हणायचे, आणि पोराच्या खुर्चीमागं खाटेवर बसून राहायचे. पोरगं खोकलं की ते उठून उभे राहायचे. फराजला ते समजत होतं. बाप नुसता पाठीवर नजर लावून बसतो त्यापेक्षा बरं म्हणून त्यानं त्यांना खेळ समजावून सांगितला.

खेळ घाईचा नव्हता. पडद्यावर बुद्धिबळासारखी घरं, त्यात आपली चार माणसं. एकदा आपली पाळी, एकदा शत्रूची. फराजनं माणसांना आपल्याकडची नावं दिली होती. लांबून बाण मारणारा सयाजी, आग फेकणारी शालूबाई, जखमा भरून काढणारी आक्का, आणि शत्रूला जवळ जाऊन भिडणारा हंबीरराव. कुऱ्हाड घेतलेला हा हंबीरराव फराजचा लाडका. खेळातला गडी एकेक पायरी वर चढला की दोन विद्या समोर यायच्या, त्यातली एक घ्यायची. दुसरी कायमची गेली. आणि मेलेलं माणूस पुन्हा उठत नसे.

हे शेवटचं ऐकून कुतुबुद्दीनना तो खेळ आवडेनासा झाला. पण ते उठले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी लवकर आले.

हंबीरराव पहिली पायरी चढला तेव्हा एका बाजूला ढाल होती, दुसऱ्या बाजूला तीन घरं झेप घेऊन वार करायची विद्या. फराज झेप निवडायच्या बेतात होता. कुतुबुद्दीन मागून म्हणाले, ढाल घे. फराजनं घेतली. पुढच्या पायरीला जाड चिलखत आलं, तेही बापाच्या शब्दाखातर घेतलं. त्याच्या पुढच्या पायरीला पाय रोवून उभं राहायची विद्या आली. तीही घेतली. कुतुबुद्दीनना जरा बरं वाटायला लागलं. हंबीररावाला आता कुणी काही करू शकणार नाही, असं ते मेहमुदाला जेवताना सांगायला लागले. ती भाकरी मोडता मोडता नुसती त्यांच्याकडं बघायची.

डिसेंबरात एका दुपारी एका पुलावरची लढाई लागली. हंबीरराव पुलाच्या तोंडावर ढाल घेऊन उभा होता. त्याला खरंच फारसं काही होत नव्हतं. पण त्याच्या वारात जोर नव्हता. एक शत्रू पडायला चार-पाच पाळ्या लागत होत्या, आणि तेवढ्यात मागून नवे येत होते. त्यांचे बाण हंबीररावाला सोडून मागच्यांवर पडत होते. आक्का एकदा सयाजीला सावरायची, एकदा शालूबाईला. तिची ताकद हळूहळू संपत आली. कुतुबुद्दीन पुढं सरकून खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मग एक बाण आला आणि आक्का पडली. पुढं शालूबाई, मग सयाजी. शेवटी पुलावर हंबीरराव एकटा उभा राहिला, जवळजवळ धडधाकट, आणि चहूकडून घेरलेला.

फराजनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्याचे ओठ निळसर दिसत होते. बोलायच्या आधी त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"अब्बा, भिडणाऱ्याला जोर द्यायला लागतो," तो म्हणाला. "लढाई लवकर संपली तरच बाकीची वाचत्यात. आपण नुसतं सांभाळत बसलो."

कुतुबुद्दीननी खुर्चीची पाठ सोडली.

"मला बी तुमी तसंच ठेवलंय. मी मरीन म्हणून तुमी भ्याताय, व्हय ना? मी बी भितोय. पण थांबून मी काय बरा व्हत न्हाय, अब्बा. रोज थोडा कमी हुतोय."

घरात तेव्हा कुकरची शिट्टी झाली, मेहमुदानं तो उतरवला. कुतुबुद्दीन खाटेवर बसले. पोराच्या मानेवरची शीर उडताना त्यांना दिसत होती. इतके महिने मागं बसून ते पाठ बघत होते, मान त्यांनी आज बघितली. संध्याकाळी ते मेहमुदाला म्हणाले, दवाखान्यात जाऊन तारीख घेऊन येऊ. ती आत जाऊन तोंड धुऊन आली आणि म्हणाली, उद्याच जाऊ.

तारीख जानेवारीत मिळाली. मधल्या दिवसांत फराजनं खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या खेपेला हंबीररावाला त्यानं झेप दिली, मग जड कुऱ्हाड दिली. बापाला विचारलं नाही, बापानंही काही सुचवलं नाही. हंबीरराव दर लढाईत शत्रूच्या गर्दीत घुसायचा, आणि कुतुबुद्दीन दर खेपेला डोळे मिटून घ्यायचे. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी पिशव्या भरून झाल्या, रिक्षा यायची होती. पडद्यावर दोन विद्या आल्या होत्या. एक होती जखम आपोआप भरण्याची. दुसरीत हंबीररावाचं अर्धं रक्त खर्ची पडायचं, पण घाव दुप्पट बसायचा.

"हे तुमी निवडा," फराज म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.

कुतुबुद्दीन त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसले. माऊस धरून त्यांनी पडद्यावरचा बाण हलवला. जखम भरण्याच्या चौकोनावर तो बराच वेळ राहिला. मग त्यांनी तो दुसऱ्या चौकोनावर नेला आणि दाबला. रिक्षावाल्यानं बाहेरून भोंगा दिला.

ऑपरेशनच्या वेळी ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते. दार उघडून कुणी आलं की ते उभे राहायचे, आलेला माणूस दुसऱ्याच कुणाला हाक मारायचा, ते पुन्हा बसायचे. प्रसेनजीतनं आणलेला चहा गार झाला. एकदा आतून एक नर्स धावत बाहेर आली आणि कुतुबुद्दीन तिच्यामागं निघाले. मेहमुदानं त्यांचा दंड धरला. ती नर्स कुणासाठी धावली हे त्यांना कधीच कळलं नाही. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले, टोपी काढत म्हणाले, झालं, पण दोन दिवस जपायला लागंल. ते दोन दिवस कुतुबुद्दीन बाकावरून हलले नाहीत.

पोरगं वाचलं. छातीत धातूची झडप बसली, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागं लागली. फराज हॉस्पिटलात असतानाच प्रसेनजीतनं व्हायरस आला म्हणून कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरला होता, त्यात तो खेळ गेला. फराजनं नुसतं हसून सोडून दिलं. कुतुबुद्दीनना मात्र चुटपुट लागून राहिली. हंबीररावाची पुढची लढाई त्यांनी बघितलीच नव्हती.

पुढं दोघा मित्रांनी पेठ वडगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. २००८ साली फराजसाठी जयसिंगपूरची मुलगी बघायला गेले. मुलीचं नाव तहरीम. पोहे यायच्या आधीच कुतुबुद्दीन उठून उभे राहिले. मेहमुदानं सदरा ओढला तरी ते बसले नाहीत. त्यांनी झडपेचं, गोळीचं, जड उचलायचं नाही हे सगळं सांगून टाकलं. मुलीचा बाप खाली मान घालून बसला. कुतुबुद्दीनना वाटलं, आपण पोराचं घर मोडलं.

थोड्या वेळानं आतून मुलीची मावशी आली. म्हणाली, पोरगी विचारतीय, जड उचलायचं न्हाय एवढंच ना? ते ती उचलंल म्हणतीय.

कुतुबुद्दीन खाली बसले. समोर पोह्यांची बशी आली होती, पण ती हातात घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.