मॅडम, हात पुसा

आधीच सांगून टाकतो, भूतबीत या प्रकारावर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी असले किस्से सांगायला लागलं की मी चहा सांगायच्या निमित्ताने उठून जातो. त्यामुळे तुम्ही हसलात तरी मला राग नाही… मीही हसलोच असतो. पण गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे, आणि ती पोटात ठेवून आता जड झालंय.

मी अमरावतीचा. टेलिफोनच्या मशीन बसवतो. ‘अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा’ म्हणत तुमचं डोकं खाणारी ती बाई असते ना, तिला तिथे बसवणारा मीच. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

अकोल्यातल्या एका प्रसूतिगृहाचं काम माझ्याकडे आलं. एकट्या डॉक्टर मॅडम ते चालवतात. माझी धाकटी बहीण वैशूसुद्धा तिथेच दाखवत होती. तिचं सासर बार्शीटाकळीच्या पलीकडे एका खेड्यात. तिला आठवा महिना, आणि गर्भाची वार खाली सरकलेली, म्हणजे कधीही रक्त जायला लागेल अशी. मॅडमनी आमच्या जावयांना, गजाननरावांना, माझ्यासमोर बजावलं होतं, “रक्त दिसलं की आधी मला फोन, मग गाडी. हिच्या गटाचं रक्त लवकर मिळत नाही. मी तयारीत असले तर दोन्ही जीव वाचतील. न सांगता आणलंत तर माझ्या हातात काही नाही.”

म्हणजे समजा, मी लावत होतो ती लाइन माझ्याच बहिणीची होती. असं काम माणूस दहादा तपासून करतो.

फोन ट्रान्स्फर करायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत ऑपरेटर आधी डॉक्टरला विचारते, ‘अमक्याचा फोन आहे, देऊ काय?’, आणि मग जोडून देते. दुसरीत मशीन काही न बोलता फोन सरळ पुढे फेकते. मशीनमध्ये विचारायला कोण बसलंय? मी दुसरी लावली. दोन दाबलं की मॅडमचा मोबाइल, तो नाही लागला तर काउंटर, तिथेही कोणी नाही उचलला तर फोन कट. बस्स. चौथा रस्ता त्यात नाहीच.

काउंटरमागे एक जुनी खुर्ची होती, वर लोकरीची विणलेली उशी. मी टेकायला गेलो तर सिस्टर म्हणाली, “भाऊ, तिथं नका बसू. आपाची खुर्ची हाये ते.”

आपा म्हणजे रजियाआपा, तिथल्या ऑपरेटर. दवाखाना उघडला तेव्हापासूनच्या. गेल्या वर्षी झोपेतच गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या दोन पोरी टिकल्या नाहीत, म्हणून तर माझी मशीन. सिस्टर सांगत होती, मॅडम कुठेही असोत, साडीच्या दुकानात असोत की कोणाच्या बारशाला, आपा बरोबर तिथे फोन लावायच्या. आणि मॅडम एकतर जेवत असायच्या नाहीतर हात धूत, म्हणून आपांचं पहिलं वाक्य ठरलेलं – “मॅडम, हात पुसा.”

मी “बरं” म्हटलं आणि कामाला लागलो. आपल्याला काय करायचंय!

टेस्टिंग करताना एक झालं. मी दोन दाबलं. मॅडमचा मोबाइल समोर टेबलावर होता. तो वाजायच्या आधी माझ्या कानात काचेच्या बांगड्या वाजल्या… कोणी हात लांबवून काहीतरी उचलावं तशा. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काही नाही. लाइनमध्ये दुसरी लाइन घुसली असेल म्हणून वायर बदलली आणि अमरावतीला परत आलो.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. भर दुपारी एका दुकानात शिडीवर होतो आणि गजाननरावांचा फोन आला. “दादा, वैशूले घेऊन निघालो. लय रगत जाऊन राह्यलं. मॅडमशी बोलणं झालं, तुमी या.” शिडीवरून कसा उतरलो मला आठवत नाही. सगळा रस्ता मी देवाचं नाव घेत होतो, एरवी घेत नाही.

पोचलो तेव्हा ऑपरेशन झालं होतं. मुलगी. वैशू सरकीतून काढलेल्या कापसासारखी पांढरी पडली होती, पण डोळे उघडे होते. मी तिच्या पायाशी बसून रडलो, लाज वाटली नाही.

मॅडमनी मला आपल्या खोलीत बोलावलं. म्हटलं, पैशांचं काहीतरी असेल. त्या म्हणाल्या, “खरं सांग. तू मशीनमध्ये आपाचा आवाज भरलास का?”

“मॅडम, मी तर त्यायले पाह्यलंबी नाही,” मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी त्या अकोटला होत्या, नात्यातल्या साखरपुड्याला. मांडव कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात. मोबाइल पर्समध्ये बंद पडलेला, त्यांना पत्ताच नाही. त्या जेवायला बसल्या आणि जिनिंगच्या ऑफिसातला माणूस पंगतीत विचारत आला, “अकोल्याच्या डॉक्टरीणबाई कोन हायेत? तुमच्या ऑपरेटर बाईचा फोन हाये.” मॅडम उठल्या, फोन कानाला लावला.

“मॅडम, हात पुसा. बार्शीटाकळीची ते वार खाली असलेली पोरगी हाये, रगत जाऊन राह्यलं. नवरा बोलते, पन रडून राह्यला, समजून घ्या. देऊ काय?”

“दे,” मॅडम म्हणाल्या. लगेच गजाननराव लाइनवर. त्यांचं ऐकून मॅडमनी तिथूनच सिस्टरच्या मोबाइलवर फोन करून रक्त, भूलतज्ज्ञ, ऑपरेशनची खोली, सगळं लावलं आणि गाडीत बसल्या. अर्ध्या रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाला ‘दे’ म्हणालो. ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगावी असं वाटलं, पण सांगितलं नाही, म्हणाल्या. वैशू वाट पाहत होती.

मी गजाननरावांना बाहेर गाठलं. काही न सांगता फक्त विचारलं, फोन कोणी उचलला. ते म्हणाले, “एक बाई होती. मले म्हणे, ‘बेटा, रडू नको, फोन ठेवू नको, मी शोधतो मॅडमले.’ बांगड्या वाजून राह्यल्या होत्या तिच्या. कोन व्हय ते? पेढे द्यायचे हायेत तिले.”

मी मशीन उघडली. त्या वेळचा एकच फोन नोंदलेला. मोबाइल बंद, काउंटरवर उत्तर नाही (केसपेपर काढणारी पोरगी जेवायला गेली होती), फोन कट. अर्ध्या मिनिटात सगळं संपलेलं. आणि गजाननरावांच्या मोबाइलवर तोच फोन चांगला पाच मिनिटं चाललेला. अकोटच्या जिनिंगचा नंबर माझ्या मशीनमध्ये नव्हता. दवाखान्यात कुठेच नव्हता. मॅडम अकोटला नेमक्या कोणाकडे जाणार, हे त्यांनी सिस्टरलाही सांगितलं नव्हतं.

शोधायचं तेवढं मी शोधलं. कंपनीच्या माणसाला विचारलं, तो म्हणे असं होऊच शकत नाही. मला माहीत आहे, होऊ शकत नाही! मी हेच काम करून राह्यलो इतकी वर्षं.

शेवटी मी गजाननरावांना सगळं सांगितलं. पेढ्यांचा डबा त्यांनी आपांच्या खुर्चीवर ठेवला.

परवा पुन्हा गेलो होतो, मशीनची बॅटरी बदलायला. आता मोबाइल नाही लागला तर फोन सिस्टरकडे जातो, तशी सोय केली आहे. मॅडम डबा खात होत्या. मोबाइल वाजला, दोन दाबून आलेला. त्यांनी आधी हात पुसले, फोन कानाला लावला आणि गप्प राहिल्या. एक क्षण, दोन क्षण. पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत होता, मला ऐकू येत होतं. मग त्या बोलल्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “मॅडम, थांबता काहून?”

“आधी कोणी सांगते काय, ते पाहते,” त्या म्हणाल्या आणि पोळीचा तुकडा मोडला.